सातव्या क्रमांकाचे दाजी

चर्चमध्ये माझ्या पाठीमागे मला ‘यादीबाई’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. अकरा वर्षं प्रार्थनेची यादी मी करते आणि त्या यादीत आजवर एक अनुस्वार चुकलेला नाही. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढलीत मी. माझ्या हातून कागद वेडावाकडा जात नाही.

यादी म्हणजे काय, तर मंडळीत जो कुणी आजारी असेल, दुःखात असेल, अडचणीत असेल, त्याचं नाव, पत्ता, अडचण, आणि विनंती कुणी केली ते. शनिवारी दुपारी मी टाइप करते, रविवारी पुढे उभी राहून वाचते. प्रत्येक नावानंतर सगळे एका सुरात म्हणतात, ‘प्रभू, ऐक.’ एकेचाळीस नावं, एकेचाळीस वेळा ‘प्रभू, ऐक’. साडेसात मिनिटं लागतात. यादीत पत्ते का छापायचे, हे कुणी कधी विचारलं नाही. पूर्वीपासून छापतात म्हणून मीही छापत आले. वाचताना मात्र गाळायचे, उगाच वेळ जातो.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. दर शनिवारी मी यादी नव्यानं करत नसे. मागच्या आठवड्याची उघडायची, वरची तारीख बदलायची, कुणी नवं आलं असेल तर खाली घालायचं, झालं. कुणी येऊन ‘काढा’ म्हटल्याशिवाय नाव निघत नसे. आणि बरं झालेला माणूस कळवायला कशाला येतोय!

सातव्या क्रमांकावर आमचे दाजी होते, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ‘अर्धांगवायू. प्रकृतीस आराम पडावा. विनंती: त्यांची मेव्हणी.’ ती मेव्हणी म्हणजे मी. हे नाव वाचताना माझा आवाज जरा ओला होत असे. मुद्दाम नव्हते हो करत, होत असे. मग उपासना संपली की बायका माझा हात हातात घेऊन म्हणायच्या, ‘किती करता हो बहिणीसाठी!’ मी मान खाली घालायची. नम्र दिसायचं असलं की मला छान जमतं ते.

करत काय होते? चार वर्षं मी ताईच्या घराची पायरी चढले नव्हते. त्याच शहरात राहतो आम्ही, दोन बस बदलल्या की तिचं घर. आमची आई शेवटी तीन वर्षं अंथरुणाला खिळली होती, ती ताईकडेच. मी रविवारी उपासनेनंतर फुलं घेऊन जायची, आईच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणायची, आणि चार वाजताची बस पकडायची. आईच्या दफनाला पाळकसाहेब माझ्या सेवेबद्दल दोन शब्द बोलले. त्यावर ताई, सगळ्यांच्या देखत, अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘हिनं प्रार्थना केली. चादरी मी बदलल्या.’ बस्स, एवढंच. पण माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. वर्षभरानं दाजींना झटका आल्याचं दुसऱ्याकडून कळलं, तेव्हा भेटायला जायचं सोडून मी काय केलं, तर त्यांचं नाव यादीत घातलं. घरून बाहेर पडू न शकणाऱ्यांना यादी पोस्टानं जाते. दर शनिवारी ताईचा पत्ता मी माझ्या हातानं लिफाफ्यावर लिहीत होते आणि आत एक ओळ कधी टाकली नाही. माझाही ताठा काही कमी नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना वायसर आला.

वायसर म्हणजे प्लंबर. खिशात कायम नळाचे चार-पाच वायसर खुळखुळत असतात, म्हणून गायनवर्गातल्या पोरींनी त्याला हे नाव ठेवलं. चर्चच्या स्वच्छतागृहातली गळती काढायला रविवारी सकाळी त्याला बोलावलं होतं. काम संपवून हा बाबा निघून जायचं सोडून ओल्या पँटनं शेवटच्या बाकावर येऊन बसला. नव्यानं शहरात आलाय, दुसऱ्या गावच्या मंडळीचा आहे, असं नंतर कळलं. पन्नाशीचा असेल, खांदे रुंद, बोलताना निम्मे शब्द गिळतो. पाळकसाहेबांनी एकदा त्याला प्रार्थना करायला सांगितली, तर उभा राहून घाम पुसत ‘देवा...’ म्हणाला आणि मिनिटभरानं ‘आमेन’ म्हणून बसला. मधलं काहीच नाही! गायनवर्ग घेणाऱ्या गायनबाई रुमालात तोंड घालून हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या रविवारी तो माझ्याकडे आला. हातात यादीची घडी होती, तेलाचे डाग पडलेली. माझ्या यादीवर तेलाचे डाग! मी काही बोलणार, तोच तो म्हणाला, “बाई, तुमचा वार कोणता?”

“कसला वार?”

“जायचा. यादीतल्या लोकांकडे. मला सोमवारी सुट्टी, म्हणून मी सोमवार धरलाय. पहिली पाच घरं झाली. पण वाटेत आपल्यातलं कुणी भेटलंच नाही. म्हटलं, बाकीचे इतर वारी जात असतील.”

चेष्टा करतोय का, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तसलं काही नव्हतं. त्याचं आपलं सरळ होतं. दुकानावर सकाळी तक्रारींची यादी येते, पुढे पत्ते असतात, मग पत्त्यावर जायचं. इथेही यादी आली, पुढे पत्ते आहेत. आता यादी देऊन माणसं घरी जाऊन झोपत असतील, हे त्याच्या डोक्यात कसं यावं?

“माझा गुरुवार,” मी म्हणाले.

का म्हणाले, देवाला ठाऊक. तोंडातून निघून गेलं.

“गुरुवार होय,” तो मान हलवत म्हणाला. “मग चुकामूकच व्हायची आपली.” आणि घडी नीट खिशात ठेवून गेला.

पुढच्या दोन महिन्यांत या माणसानं मंडळीत जी काही धमाल उडवली, विचारू नका. चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या मोठ्या पंचांचंच घ्या. हे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी यादीत घातलं होतं, ‘शेजारच्या घरात शांती नांदावी.’ आता यात प्रार्थना किती आणि चहाडी किती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. वायसरनं थेट शेजाऱ्यांची बेल वाजवली. म्हणाला, “तुमच्या भांडणांसाठी हेडमास्तर दर रविवारी सगळ्या मंडळीकडून प्रार्थना करवून घेतात. म्हणून आलो. काही मदत लागेल का?” शेजारी नवरा-बायकोचं भांडण जागच्या जागी मिटलं आणि दोघं मिळून हेडमास्तरांच्या दारात उभी राहिली.

गायनबाईंची विनंती होती, ‘सासूबाईंचा एकटेपणा दूर व्हावा.’ पत्ता अर्थातच गायनबाईंचा स्वतःचा, कारण सासूबाई त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहतात. सोमवारी वायसर हजर. गायनबाईंच्या हॉलमधून सरळ मागच्या खोलीत गेला आणि म्हातारीबरोबर दोन तास पत्ते खेळला. जाताना गायनबाईंना म्हणाला, “मधल्या दाराची बिजागरी गंजली होती. फार दिवस उघडलं नव्हतं वाटतं. तेल घातलंय, आता उघडायला त्रास नाही.” गायनबाईंनी मला हे रागानं लाल होऊन सांगितलं. मला हसू आवरेना, पण मी तोंड गंभीर ठेवलं.

खरं सांगू का? त्याचं करणं चोख होतं. एकोणिसाव्या क्रमांकाच्या शिंपीणबाईंचे पाय गेले होते, त्यांना कुठून तरी चाकांची खुर्ची आणून दिली. बावीसाव्या क्रमांकाच्या बेकार माणसाला दोन ठिकाणी घेऊन गेला, तिसऱ्या ठिकाणी काम लागलं. कुठे बल्ब बदलला, कुठे औषध आणलं, कुठे नुसताच बसला. माझ्या अकरा वर्षांत पहिल्यांदा लोक येऊन सांगायला लागले, ‘बाई, आमचं नाव काढा, आता बरं आहे.’ मला आनंद व्हायला हवा होता, नाही? मला आला राग. कारण बाकीच्या सगळ्यांचं पितळ उघडं पडत होतं, आणि त्या सगळ्यांत मी पहिली.

आणखी एक गोष्ट मला खुपत होती. मी समोर उभी राहून वाचते, मला शेवटचं बाक दिसतं. वायसर प्रत्येक नावाला मोठ्यानं ‘प्रभू, ऐक’ म्हणायचा. सातवं नाव आलं की गप्प. ओठ घट्ट मिटून खाली बघायचा. आठव्याला पुन्हा सुरू. एकदा झालं, दोनदा झालं, मग मी लक्षच ठेवलं. दर रविवारी तेच. माझ्या दाजींनी याचं काय घोडं मारलं होतं?

शेवटी पंचांची बैठक बसली. हेडमास्तर म्हणाले, उत्साह चांगला आहे, पण माणसाला पोच हवी. ठरलं काय, तर यादीतले पत्ते काढून टाकायचे. आणि त्याला हे सांगायचं कुणी? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

त्या रविवारी उपासना झाल्यावर मी तरातरा चर्चच्या स्वयंपाकघरात गेले. वायसर सिंकखाली आडवा पडला होता, नुसते पाय बाहेर. मी त्या पायांनाच सुनावायला सुरुवात केली. लोकांच्या घरात असं नाक खुपसू नये, प्रार्थनेची विनंती ही नाजूक बाब असते, वगैरे. तो सरपटत बाहेर आला, फडक्यानं हात पुसत ऐकत राहिला. उलट बोलला असता तर बरं वाटलं असतं. त्याच्या निमूट ऐकण्यानं माझा जोर आणखी वाढला.

“आणि हे बघा, सेवेचा एवढा पुळका आहे ना तुम्हाला? मग माझ्या दाजींचं नाव आलं की तोंड शिवून का बसता? बाकी सगळ्यांसाठी ‘प्रभू, ऐक’, आणि एका आजारी माणसानं तुमचं काय बिघडवलंय?”

त्यानं फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, “खोटं कसं म्हणू, बाई?”

“खोटं? काय खोटं?”

“मी आपणहून सांगणार नाही, असा ताईंना शब्द दिला होता. पण तुम्ही विचारलंत.” त्यानं फडकं खाली ठेवलं. “दाजी नाहीत, बाई.”

“नाहीत म्हणजे? कुठे जाणार ते? त्यांना तर उठताही येत नाही!”

“वारले. मी पहिल्यांदा गेलो, तेव्हाच दीड महिना होऊन गेला होता. दफन त्यांच्या भावाच्या गावी झालं.”

मी तिथल्याच एका स्टुलावर बसले. तेरा रविवार. तेरा रविवार मी आवाज ओला करकरून एका मेलेल्या माणसासाठी प्रकृतीला आराम मागत होते, आणि दीडशे माणसं मला साथ देत होती. दीडशेतल्या एकालाही पत्ता नव्हता, कारण दीडशेतलं एकही तिथे फिरकलं नव्हतं. आणि पोस्टानं ती यादी दर मंगळवारी ताईच्या हातात पडत होती. तिच्या नवऱ्याचं नाव, माझ्या हातचा पत्ता. अरे देवा! मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, आणि कधी वाटूही नये.

वायसरनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

“म्हणजे मी गुरुवारी जात नाही, हे तुम्हाला दुसऱ्याच सोमवारी कळलं,” मी म्हणाले.

“हो.”

“मग बोलला का नाहीत कुणाला? मला तरी?”

तो ओशाळला, जणू खोटं तोच बोलला होता. “म्हटलं, कधीतरी येईल एखादा गुरुवार.”

या माणसाच्या प्रार्थनेला मी हसले होते.

बाहेर आले तर हेडमास्तर भेटले. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, मी सांगून टाकलं. ते क्षणभर गोरेमोरे झाले, मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “नाव गुपचूप काढून टाका. पुढच्या रविवारी एक नाव कमी वाचा, कोण मोजतंय? आणि हे बघा, प्रार्थना कुठलीही वाया जात नाही.” त्यांच्या डोक्यात उपस्थितीचं रजिस्टर घालावं असं मला वाटलं. घातलं नाही, कारण गुपचूप काढायचं मलाही त्या स्टुलावर बसल्या बसल्या सुचलं होतं. त्यांच्या आधी.

मी परत आत गेले. “चला माझ्याबरोबर ताईकडे,” मी वायसरला म्हणाले. “आत्ता. मला एकटीला धीर नाही होत.”

त्यानं मान हलवली. “मी आलो तर त्या माझ्याशीच बोलत बसतील, बाई. तुम्हाला सोपं जाईल, पण काम होणार नाही. एकट्या जा.” मग म्हणाला, “जिन्यात चौथी पायरी तुटलीय. जपून.”

दोन बस. पहिलीत मी मनातल्या मनात माफीचं भाषण जुळवलं. दुसरीत ते सगळं खोटं वाटायला लागलं. ताईनं दार लावून घेतलं तर? तिचा हक्कच होता. आई गेली, आता दाजी गेले, आम्हा दोघींना मूलबाळ नाही. माझ्या लहानपणच्या घराची आठवण असलेलं या पृथ्वीवर आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते मी चार वर्षं ताठ्यापायी गमावून बसले होते. त्या दिवशी दार लागलं असतं तर ते कायमचंच, हे मला पक्कं कळत होतं.

तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. दार उघडलं. ताई केवढी वाळली होती! केस पांढरेफटक, चष्म्याची एक काच जाड.

तिनं चष्मा सारखा करून मला न्याहाळलं. मग दारातून बाजूला झाली. “ये,” म्हणाली. “मला वाटलंच होतं, आता येशील.”

घर लखलखीत होतं. पलंगाच्या पायांचे वण उठलेल्या कोपऱ्यात आता खिडकीखाली एक खुर्ची आणि दोन कुंड्या. टेबलावर माझ्या याद्यांची चळत होती, नीट तारखेनुसार लावलेली. मी तिकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

“तुला कळवायचं म्हणून कागद घेऊन बसले होते,” ती म्हणाली. “तेवढ्यात तुझी यादी आली. सातवा क्रमांक, प्रकृतीस आराम पडावा. मला असा संताप आला, काय सांगू! म्हटलं, नाहीच कळवत. बघू किती आठवडे चालतंय हे. दर मंगळवारी लिफाफा फोडायची आणि तुझ्या नावानं बोटं मोडायची. तेवढंच काम उरलं होतं मला.”

“ताई...”

“थांब, बोलू दे. मग एका सोमवारी हा दारात. म्हणाला, ‘तुमच्या बहिणीची विनंती होती, म्हणून आलोय. दाजी कसे आहेत?’ मी म्हटलं, गेले, पण तिला सांगायचं नाही. दार लावणार होते. पण याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं गं. ओळख ना पाळख! नंतर विचारतो कसा, ‘जेवलात का?’ मी दोन दिवस चूल पेटवली नव्हती. यानं भाजी चिरली. इतकी वाईट चिरली की मला उठून त्याच्या हातातली सुरी घ्यावी लागली. तशी मी उठले.”

ती हसली. चार वर्षांनी ते हसू पाहिलं.

“पुढच्या सोमवारी पलंग हलवला. यांची चाकांची खुर्ची कोपऱ्यात होती, ती मला बघवत नव्हती आणि टाकवतही नव्हती. म्हणाला, एका शिंपीणबाईंना हवीय, देऊ का? मी म्हटलं, ने. तिचं चाक दुरुस्त करून दिलं म्हणे तिला. सात सोमवार आला. एकदाही मला उपदेश केला नाही. नळ तेवढे सगळे बदलले.” ती माझ्या समोर येऊन बसली. “तेव्हा म्हटलं, बहिणीचा ताठा मोडत नाहीये, स्वतः यायला धीर होत नाहीये, पण तिनं माणूस पाठवला. असा माणूस पाठवला. तेव्हाच माझा राग गेला बघ. चार वर्षांचा.”

आणि तिनं माझा हात हातात घेतला.

झालं की सगळं! काही करायलाच नको. मी मान खाली घालायची होती, ती मला येतेच. ताई माझी झाली होती, दार उघडं होतं. आणि वायसर काही बोलला नसता, मेला तरी बोलला नसता. मी त्या हाताकडे बघत बसले. शिरा वर आलेल्या, बोटं खरखरीत. आईच्या चादरी धुतलेला हात. आणि मनात म्हणत होते, गप्प बस गं बये, यावेळी तरी तुझं नशीब उघडलंय, कशाला माती करतेस?

“मी त्याला पाठवलं नव्हतं,” मी म्हणाले.

ताईचा हात तसाच राहिला.

“यादीवर नाव होतं म्हणून तो आला. तो सगळ्यांकडेच जातो. मी फक्त टाइप केलं. मागच्या आठवड्याचंच परत परत. त्यानं मला विचारलं, तुमचा वार कोणता. मी त्याला खोटंच सांगितलं, गुरुवार. दाजी गेल्याचं मला आज कळलं, ताई. त्यालाच मी दटावायला गेले होते, तेव्हा.”

तिनं हात काढून घेतला. उठली, खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. रस्त्यावर कुणीतरी मोटार धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, संपलं. पर्स उचलावी आणि जावं. पण खरं सांगते, जायचं नव्हतंच मला. हाकललं असतं तर जिन्यात बसून राहिले असते.

“मला कळलं नसतं,” ती खिडकीकडेच बघत म्हणाली. “का सांगितलंस?”

“तुला खोटी बहीण मिळायला नको म्हणून,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हमसाहमशी. नाक वाहायला लागलं. ताईनं वळून पाहिलं, पदर पुढे केला नाही की जवळ आली नाही. कपाटाकडे गेली, खणातून एक कागद काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. वर एक पेन आपटलं.

“मंगळवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू. वाच.”

दवाखान्याचा फॉर्म होता. ताईचं नाव, वय, पत्ता. खाली छापलं होतं, ‘जवळचे नातेवाईक’. तिथे एका पुरुषाचं नाव होतं, ताईच्या थरथरत्या अक्षरात. हे कोण, मला कळेना. मग पुढे पाहिलं, व्यवसाय, प्लंबर. वायसरचं खरं नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मंडळीत दोन महिने तो आला, आणि नावांचाच जिचा धंदा त्या मला त्याचं नाव विचारायचं सुचलं नव्हतं. नावापुढे रकाना होता, ‘नातं’. ताईनं लिहिलं होतं, ‘भाऊ’.

मी पेन उचललं. त्याचं नाव खोडून तिथे माझं लिहायचंय, असंच मला वाटलं.

“खोडायचं नाही,” ताई कडक आवाजात म्हणाली. “ते खरं आहे.” मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि जाड काचेतून कागदावर वाकून बोटानं चाचपत एक जागा दाखवली. “त्याच्या खाली आणखी एक ओळ आहे. सकाळी सातला यायला जमणार असेल तर लिही.”

मी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.